हिवाळी कंदफुले : कुंडीतील लागवड आणि कंदांची विभागणी

हिवाळ्यात फुलणारी कंदवर्गीय फुले म्हणजे बंगलेवाल्यांच्या बागेची चैन, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. हा समज होण्यास कारणही आहे. दिवाळीच्या सुमारास रोपवाटिकेतून फ्रीसिया, रॅननक्युलस किंवा नर्गिसचे कंद विकत आणावयाचे, माघ-फाल्गुनात फुले पाहावयाची, आणि पुढे जूनच्या पावसात तेच कंद कुंडीत कुजून जाऊ द्यावयाचे, ही अनेक घरांतील नेहमीची रीत आहे. दुसऱ्या वर्षी पुन्हा पैसे मोजून नवे कंद. दरवर्षीचा हा खर्च सामान्य कुटुंबाला परवडत नाही, आणि मग "ही फुले आपल्यासाठी नाहीत" असे म्हणून तो नाद सोडून दिला जातो.

वस्तुतः एकदा आणलेला निरोगी कंद नीट सांभाळला तर तो वर्षानुवर्षे टिकतो, इतकेच नव्हे तर आपली संख्या वाढवितो. त्यासाठी मोठी बाग लागत नाही. चाळीची गॅलरी, वसतिगृहाची गच्ची, खिडकीतली चार कुंड्यांची जागा पुरते. मात्र कंदाचे वर्ष कसे चालते हे समजून घ्यावे लागते. ते समजावे, आणि आपल्या सभासदांनी व विद्यार्थ्यांनी पुढच्या हंगामापासून कंद विकत न घेता ते एकमेकांत वाटून घ्यावेत, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

लसूण हा आपला पहिला धडा

हिवाळी कंद म्हणजे काय हे समजण्यासाठी परदेशी नावांकडे जाण्याची गरज नाही. आपल्या स्वयंपाकघरातील लसूण पाहावा. शेतकरी लसणाच्या पाकळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावतो. थंडीत हिरवी पात वाढते. थंडी संपून ऊन तापू लागले की पात पिवळी पडते, आणि जमिनीखाली गड्डा भरलेला असतो. तो काढून, सुकवून, जुडी बांधून वाऱ्याशी टांगला की पावसाळाभर निवांत झोपून राहतो. पुढच्या लागवडीच्या वेळी त्याच गड्ड्याच्या पाकळ्या सुट्या करून पुन्हा लावावयाच्या.

हिवाळी कंदफुलांचे सारे शास्त्र या एका उदाहरणात आले आहे. थंडीत वाढ, उन्हाळ्यात झोप, झोपेत कोरडेपणा, आणि झोप संपण्यापूर्वी विभागणी. लसणाला आपण खाण्यासाठी सांभाळतो, फ्रीसियाला फुलासाठी सांभाळावयाचे, एवढाच फरक.

याच्या उलट वागणारे कंदही आपल्या चांगल्या परिचयाचे आहेत. मे-जूनमध्ये लालभडक गोळा फुलविणारी फुटबॉल लिली पावसाळाभर पाने धरते आणि थंडीत दिसेनाशी होते. सह्याद्रीतील कळलावी, रानहळद आणि सापकांदा पावसाबरोबर उगवतात व पाऊस सरल्यावर जमिनीखाली जातात. कोकणच्या सड्यावरील दीपकाडीही पावसाच्या तोंडावर जागी होते. या मंडळींना आपला पावसाळा मानवतो, कारण त्या पावसाळ्यात वाढण्याच्याच हवेत घडल्या. हिवाळी कंदफुले दुसऱ्या हवेत घडली आहेत, म्हणून त्यांचा मूळ मुलूख थोडा पाहिला पाहिजे.

मूळ मुलूख : पाऊस थंडीत, उन्हाळा कोरडा

फ्रीसिया ही दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशातील. हा प्रदेश पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तेथे जून ते ऑगस्ट हा हिवाळा. केप टाऊनच्या परिसरात बराचसा पाऊस याच थंड महिन्यांत पडतो आणि डिसेंबर ते फेब्रुवारीचा उन्हाळा कोरडा जातो. अशा हवेत वनस्पतीने जगावे कसे? पाणी असते तेव्हा थंडी, ऊब असते तेव्हा पाणी नाही. यावर तेथील अनेक वनस्पतींनी एकच तोड काढली. थंडीतील ओलीवर पाने वाढवावयाची, फुलावयाचे, उन्हाळ्यासाठी अन्न कंदात साठवावयाचे आणि जमिनीखाली झोपी जावयाचे.

केप प्रदेशात फुलझाडांच्या सुमारे ९,००० जाती आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य जगात इतरत्र कोठेही आपोआप उगवत नाहीत. कंदवर्गीय झाडांची एवढी विविधता असलेले प्रदेश जगात फार थोडे. १७७२ मध्ये लिनियसचा शिष्य कार्ल थनबर्ग आणि लंडनजवळील क्यू उद्यानाने पाठविलेला फ्रान्सिस मॅसन हे दोघेही केपला पोहोचले, आणि तेथील वनस्पती त्यांच्यामार्फत युरोपात गेल्या. फ्रीसियाचे नाव फ्रीझ या जर्मन वैद्यावरून आणि तिच्याच मुलखातील लॅचेनेलियाचे नाव बाझेल येथील वनस्पतिशास्त्रज्ञ लाशेनाल यांच्यावरून पडले. याच प्रदेशात १९१३ साली स्थापन झालेले कर्स्टनबॉश वनस्पती उद्यान आजही या वनस्पतींच्या संवर्धनासाठी प्रसिद्ध आहे.

भूमध्य समुद्राच्या काठीही पाऊस थंडीत आणि उन्हाळा कोरडा. रॅननक्युलस, ॲनिमोनी आणि नर्गिस यांची घडण त्या बाजूची. म्हणजे मुलूख दोन, पण वर्षाचा क्रम एकच.

आता आपल्या पठारावरील वर्ष डोळ्यांपुढे आणावे. पुणे, सातारा, नाशिक या भागांत थंडी कोरडी असते, पण ऊन स्वच्छ आणि रात्री गार असतात. पाणी आपण झारीने देऊ शकतो, तेव्हा थंडीची अडचण नाही. खरी अडचण जूनमध्ये येते. कंद गाढ झोपेत असताना, ज्या महिन्यांत त्याला पाण्याचा थेंबही नको, नेमका त्याच वेळी आपल्याकडे मृग बरसतो. जमिनीत लावलेला कंद तेव्हा वाचविणे कठीण. कुंडीतला कंद मात्र उचलून आडोशाला नेता येतो. हिवाळी कंदांसाठी आम्ही कुंडीचा आग्रह धरतो तो या एका कारणासाठी.

कंदाचे तीन प्रकार

व्यवहारात आपण सगळ्यांनाच कंद म्हणतो, परंतु विभागणी करताना त्यांतील भेद माहीत असणे आवश्यक आहे. विद्यार्थ्यांनी ही माहिती वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही लक्षात ठेवावी.

पहिला प्रकार पापुद्र्यांच्या कंदाचा. कांदा उभा कापला की मांसल पापुद्रे एकावर एक दिसतात, तळाशी चकतीसारखे छोटे खोड दिसते आणि मध्यभागी कोंब. नर्गिस आणि लॅचेनेलिया हे या जातीचे. हा कंद अनेक वर्षे जगतो आणि त्याच्या कुशीत पिल्ले धरतात.

दुसरा प्रकार दृढकंदाचा. हा कापला तर पापुद्रे दिसत नाहीत, आतून सुरणासारखा भरीव असतो, कारण तो फुगलेले खोडच असतो. फ्रीसिया, ग्लॅडिओलस आणि केशर या वर्गातील. याची एक विशेष गोष्ट अशी की जुना दृढकंद दरवर्षी संपतो. झाड वाढताना त्यातील अन्न खर्च होते, तो सुकून चपटा होतो आणि त्याच्या डोक्यावर नवा दृढकंद तयार होतो. भोवती लहान लहान पिल्लेही धरतात. म्हणजे मे महिन्यात आपण कुंडीतून काढतो तो कंद दिवाळीला लावलेला कंद नसतो, त्याचा वारस असतो.

तिसरा प्रकार गाठीदार मुळांचा. रॅननक्युलसचे सुके कंद हातात घेतले तर वाळलेल्या खेकड्याच्या नांग्यांसारखे दिसतात. नांग्या ही अन्न साठविणारी मुळे, आणि वरच्या टोकाला, जेथे बारीक लव असते, तेथे डोळा. डोळ्याशिवाय नुसती नांगी उगवत नाही.

आणखी एक नवल सांगण्यासारखे आहे. पुष्कळ दृढकंदांना साध्या मुळांखेरीज काही जाड, सुरकुतलेली मुळे फुटतात. ही मुळे जमिनीत खोल जाऊन आखडतात आणि नव्या कंदाला हळूहळू खाली ओढतात. नवा कंद जुन्याच्या वर तयार होऊनही दर वर्षी वर वर सरकत नाही तो यामुळे. उथळ परातीत हे कंद रमत नाहीत, त्याचेही कारण हेच.

कुंडी, माती आणि लागवड

कुंडी मातीची असावी. तिच्या अंगातून पाणी झिरपून वाऱ्यावर उडते आणि आतील माती गार राहते. पठारावर डिसेंबरातही दुपारचे ऊन तीस अंशांच्या घरात जाते, त्यामुळे हा गारवा मोलाचा आहे. आठ इंच तोंडाची आणि तितकीच खोल कुंडी फ्रीसियाच्या सहा ते आठ कंदांना पुरते. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा उपडा ठेवावा, त्यावर विटांच्या तुकड्यांचा दीड-दोन इंचांचा थर द्यावा.

मातीचे प्रमाण आम्ही असे सुचवितो : पोयटा माती दोन भाग, धुतलेली जाड वाळू दोन भाग, आणि पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग. प्रत्येक कुंडीस मूठभर निंबोळी पेंड आणि चमचाभर हाडांचा चुरा मिसळावा. नुसती काळी माती वापरू नये. ती ओल धरून ठेवते आणि सुकली की भेगाळते. कच्चे शेणखत तर कटाक्षाने टाळावे. कंद कुजण्याचे ते एक हमखास कारण आहे.

लागवडीची वेळ पंचांगापेक्षा हवेवर ठरवावी. दसऱ्यानंतर एकदा ऊन कडक तापते, ते सरून पहाटे अंगावर पांघरूण घ्यावेसे वाटू लागले की लावण्याची वेळ झाली. पठारावर हे साधारण दिवाळीच्या आसपास घडते.

फ्रीसियाचे दृढकंद टोक वर करून दीड ते दोन इंच खोल, दोन-दोन इंचांवर लावावेत. नर्गिसचा कंद मानेपर्यंत मातीत, शेंडा थोडा उघडा ठेवावा. रॅननक्युलसचे कंद तीन-चार तास साध्या पाण्यात भिजवावेत. ते फुगले की नांग्या खाली करून दीड ते दोन इंच खोल लावावेत. रात्रभर भिजत ठेवू नयेत, त्यामुळे ते सडतात.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्यावे आणि मग कोंब वर येईपर्यंत हात आखडता ठेवावा. नव्या माळ्यांची चूक येथेच होते. कोंब दिसत नाही म्हणून ते रोज पाणी घालतात, आणि मुळे नसलेला कंद ते पाणी घेऊ शकत नाही. मातीत बोट घालून पाहावे. पहिल्या पेरापर्यंत कोरडे लागले तरच पाणी. पाने चार-पाच झाली की नियमित पाणी सुरू करावे.

ऊन सकाळचे भरपूर असावे. दुपारी बाराच्या पुढे मात्र भिंतीची किंवा झाडाची सावली मिळाली तर उत्तम. फ्रीसियाचा कळा धरण्यासाठी पाने फुटल्यानंतरचे काही आठवडे माती पंधरा अंशांच्या आसपास गार असावी लागते. म्हणून कुंडी तापलेल्या गच्चीच्या फरशीवर ठेवू नये, दोन विटांवर ठेवावी. लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधली जागा ओल्या वाळूने भरली तर गारवा आणखी टिकतो. मुंबई व कोकण किनाऱ्यावरील वाचकांना आम्ही स्पष्टच सांगतो की तेथील उबदार रात्रींत फ्रीसियाला पाने येतील, फुलांची खात्री देता येणार नाही. तेथे नर्गिसचा प्रयोग करावा, नाहीतर निशिगंधासारखा उबेत रमणारा कंद निवडावा.

डिसेंबरपासून दर पंधरा दिवसांनी पातळ केलेले द्रवखत द्यावे. त्यात नत्र कमी आणि पालाश अधिक असावे. नत्र जास्त झाले की पाने माजतात, आडवी पडतात आणि कंद मऊ राहतो. फ्रीसियाच्या पानांना बारीक काड्या व सुतळीचा आधार द्यावा. मावा किंवा फुलकिडे दिसल्यास पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा.

फुले गेल्यानंतरचे सहा आठवडे

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे असे आम्ही समजतो. फुले सुकली की बहुतेकांचे कुंडीकडे लक्ष राहत नाही. पाणी बंद होते, आडवीतिडवी पाने बरी दिसत नाहीत म्हणून ती कापली जातात. आणि मग पुढच्या वर्षी फूल आले नाही की कंद खराब निघाला असा दोष विक्रेत्याला दिला जातो.

वास्तविक पुढील वर्षाचे फूल याच आठवड्यांत कमावले जाते. हिरवी पाने उन्हात अन्न तयार करतात आणि ते खाली उतरून नव्या कंदात साठते. पान कापले की कंद उपाशी राहिला. म्हणून सुकलेले फूल तेवढे खुडावे, बी धरू देऊ नये, परंतु पानांना हात लावू नये. पाणी आणि द्रवखत पूर्वीप्रमाणेच चालू ठेवावे. पाने आपणहून टोकाकडून पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू कमी करावे, आणि ती पूर्ण सुकली की बंद करावे. पठारावर हे मार्च-एप्रिलमध्ये होते. त्यानंतर कुंडी दोन-तीन आठवडे सावलीत, वाऱ्यावर तशीच कोरडी होऊ द्यावी.

कंदांची विभागणी

मे महिन्याच्या मध्यास, वळवाच्या सरींचा अंदाज घेऊन, हे काम उरकावे. वर्तमानपत्र पसरून त्यावर कुंडी उपडी करावी. माती कोरडी असली की भुसभुशीत सुटते. कंद खुरपीने टोकरू नयेत, बोटांनीच वेचावेत. राहिलेली माती चाळणीतून चाळावी, कारण गव्हाच्या दाण्याएवढी पिल्ले मातीत हरवतात.

फ्रीसियाचे झुबके हातात घेतले की खाली सुकलेला जुना कंद, वर भरलेला नवा कंद आणि कडेला पिल्ले असा सारा संसार दिसतो. जुना कंद हलक्या हाताने पिळताच सुटतो, तो टाकून द्यावा. नवे कंद आणि पिल्ले वेगळी करावीत. कंदावरील जाळीदार तपकिरी साल मात्र काढू नये, ते त्याचे पांघरूण आहे.

नर्गिसचा गड्डा दरवर्षी मोडण्याची गरज नाही. दोन-तीन वर्षांनी कुंडीत गर्दी होऊन फुले कमी येऊ लागली की विभागावा. जी पिल्ले हाताच्या हलक्या ओढीने सुटतात तीच घ्यावीत. जी आईला घट्ट चिकटून आहेत, ती आणखी एक वर्ष राहू द्यावीत. रॅननक्युलसच्या प्रत्येक भागावर लव असलेला डोळा आणि दोन-तीन तरी नांग्या आल्या पाहिजेत. सुरी लावावी लागली तर ती स्वच्छ असावी, आणि कापलेली बाजू दोन-तीन दिवस सावलीत सुकवावी.

नंतर सुपात घेऊन निवड करावी. टणक आणि भरलेले कंद पुढील वर्षी फुलतील. मध्यम आणि लहान पिल्ले निराळ्या कुंडीत दाट लावावीत. त्यांना फुलण्यास एक-दोन वर्षे लागतात. मऊ, बुरशी आलेले, वास मारणारे कंद लगेच दूर करावेत. ज्या झाडाच्या पानांवर फिकट पट्टे किंवा ठिपके होते, पाने वेडीवाकडी झाली होती, त्याचे कंद कितीही टपोरे असले तरी ठेवू नयेत. तो विषाणूचा रोग असण्याचा संभव असतो. विभागणीने झाडाचे गुण जसे पुढे जातात तसाच रोगही पुढे जातो. अशी झाडे वाढीच्या काळातच खूण करून ठेवावीत, कारण कंद पाहून रोग ओळखता येत नाही.

पावसाळ्यातील साठवण

साठवणीचा नमुना आपल्या कांदाचाळीचा. चाळीत कांदा टिकतो तो खालून-वरून वारा खेळतो म्हणून. कंद जाळीच्या पिशवीत, जुन्या कांद्याच्या गोणीच्या तुकड्यात किंवा कागदी पिशवीत ठेवून खिळ्याला किंवा शिंक्यात टांगावेत. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत कधीही ठेवू नयेत, आतल्या आत घाम धरून ते कुजतात. भिंतीच्या ओलीपासून आणि उंदरांपासून दूर ठेवावेत. महिन्यातून एकदा काढून पाहावेत आणि मऊ पडलेला कंद बाजूला करावा. नर्गिसची कुंडी मोडली नसेल तर ती तशीच छपराखाली आडवी करून ठेवली तरी चालते.

फ्रीसियाचे कंद फ्रिजमध्ये ठेवावेत असा सल्ला कोणी देतात. तो ट्यूलिपच्या अनुभवावरून दिलेला असतो. ट्यूलिपला थंडीची झोप लागते, फ्रीसियाला उबेची. अठ्ठावीस ते तीस अंशांच्या उबेत दहा ते तेरा आठवडे राहिल्यावर तिची झोप पुरी होते. झोप पुरी न होता ती गारव्यात पडली तर कोंब न काढता मातीतच जुन्या कंदावर नवा कंद धरून बसते. आपल्या मे महिन्याची घरातील ऊब तिला अनायासे मिळते, तेव्हा फ्रिजचा खर्च वाचतो.

दोन सूचना येथेच देतो. नर्गिसचा कंद दिसण्यात कांद्यासारखा असला तरी विषारी आहे, खाल्ल्यास उलट्या होतात. म्हणून फुलांचे कंद स्वयंपाकघरात ठेवू नयेत, आणि प्रत्येक पिशवीवर नाव व वर्ष लिहावे. दुसरे असे की परदेशी असलेले नातेवाईक प्रेमाने कंद सामानात घालून आणतात. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार असे कंद परवाना आणि तेथील शासनाचे रोगमुक्तीचे प्रमाणपत्र यांशिवाय देशात आणता येत नाहीत. हा नियम परदेशी रोग-किडींपासून आपल्या शेतीचे रक्षण करण्यासाठी आहे, तो पाळावा. त्याचप्रमाणे सहलीला गेल्यावर सह्याद्रीतील रानकंद उकरून आणू नयेत. ते डोंगरातच शोभतात आणि तेथेच जगतात.

वाटल्याने वाढणारे धन

विद्यार्थ्यांनी एक साधे गणित करून पाहावे. एका कंदाचे वर्षाला दोन झाले असे धरले, तर पाच कंदांचे पाच वर्षांत १६० कंद होतात. प्रत्यक्षात काही कुजतील, काही उंदीर नेतील, काही पिल्ले फुलण्यास वेळ घेतील. तरी निम्मे राहिले असे मानले, तरी दहा घरांत प्रत्येकी एक कुंडी भरून जाईल.

काश्मीरमधील पांपोरचे केशर आपण सर्वांनी ऐकले आहे. तेही दृढकंदाचे झाड. शरदात फुलते, थंडीत पाने धरते आणि उन्हाळ्यात झोपते. या झाडाला बी धरत नाही. त्यामुळे त्याचा विस्तार फक्त कंद काढून, वेगळे करून, पुन्हा लावल्यानेच होतो. शेकडो पिढ्यांतील शेतकऱ्यांनी हे काम न चुकता केले, म्हणून आज केशर आहे. मधल्या काळात सर्वांनीच कंद विभागण्याचा कंटाळा केला असता तर हे झाड जगातून नाहीसे झाले असते. ज्यांनी ते राखले त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत, त्यांच्या हातचे काम मात्र टिकले.

आपले काम त्या मानाने फार सोपे आहे. या मे महिन्यात ज्यांच्याकडे कंद आहेत त्यांनी कुंड्या उपड्या कराव्यात, निवडलेल्या कंदांचे तीन वाटे करावेत. एक आपल्या कुंडीसाठी, एक शेजाऱ्यासाठी आणि एक शाळेसाठी किंवा वसतिगृहासाठी. कंद देताना सोबत एक चिठ्ठी द्यावी. तीवर फुलाचे नाव, लावण्याची वेळ, आणि "पाने पिवळी होईपर्यंत कापू नयेत, पावसात ठेवू नये" एवढी दोन वाक्ये असली तरी पुरे. ज्याला कंद मिळाला त्याने दोन वर्षांनी तितकेच कंद दुसऱ्या कोणाला द्यावेत, एवढीच अट ठेवावी.

ज्यांच्याकडे आज एकही कंद नाही त्यांनीही थांबण्याचे कारण नाही. येत्या दिवाळीला घरातल्या लसणाच्या चार पाकळ्या एका कुंडीत लावाव्यात आणि वर दिल्याप्रमाणे उन्हाळ्यापर्यंत सांभाळाव्यात. ज्याच्या हातून लसणाचा गड्डा नीट भरला, त्याच्या हातून फ्रीसियाही फुलेल, अशी आमची खात्री आहे.